दोन बेटं, दोन तास आणि तिसरा विमानतळ

दक्षिण अटलांटिक महासागरातलं सेंट हेलेना हे बेट आपल्याला शाळेच्या पुस्तकातून ठाऊक असतं ते नेपोलियनमुळे. १८१५ साली त्याला इथं आणून ठेवलं आणि १८२१ साली तो इथंच वारला. पळून जाता येणार नाही अशी जागा इंग्रजांना हवी होती आणि ती त्यांना नकाशावर सहज सापडली. बेट जेमतेम १२२ चौरस किलोमीटरचं, वस्ती साडेचार हजारांच्या आतबाहेर. तिथून वायव्येला असेन्शन नावाचं आणखी एक बेट आहे. ते ८८ चौरस किलोमीटरचं, ज्वालामुखीच्या राखेचं आणि लाव्हाचं. तिथं पिढ्यानपिढ्या राहणारं असं कोणी नाही. कामापुरते आलेले काही शे लोक. दोन्ही बेटं ब्रिटनच्या अखत्यारीत, दोन्हींवर एकेकच विमानतळ आणि एकेकच धावपट्टी.

या दोन विमानतळांमध्ये अंतर किती आणि विमानाला वेळ किती लागतो? उत्तर एका ओळीत देता येतं: सुमारे १,३०० किलोमीटर, सुमारे दोन तास. मुंबई-दिल्ली अंतर याहून थोडं कमी, साडेअकराशे किलोमीटरच्या आसपास, आणि विमानप्रवासाचा वेळ जवळपास तेवढाच. पण हे आकडे येतात कुठून, आणि मुंबई-दिल्लीच्या दोन तासांत व या दोन तासांत फरक काय, हे पायरी पायरीनं पाहायला हवं. मला स्वतःला हा सगळा हिशेब फार सुंदर वाटतो. त्यातला पहिला भाग तर वही-पेन्सिल घेऊन कोणालाही करता येतो.

आधी अंतर. सेंट हेलेनाचा विमानतळ १५.९६ अंश दक्षिण अक्षांशावर आणि ५.६५ अंश पश्चिम रेखांशावर आहे. असेन्शनचा ७.९७ अंश दक्षिण आणि १४.३९ अंश पश्चिम. पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर. त्याला ३६० अंशांनी भागलं की एका अंशाला १११ किलोमीटर येतात. खलाशी आणि वैमानिक ज्या सागरी मैलात अंतर मोजतात, तो मैलही इथूनच आला: एका अंशाचा साठावा भाग म्हणजे एक सागरी मैल, १.८५२ किलोमीटरचा.

दोन विमानतळांच्या अक्षांशांत ७.९९ अंशांचा फरक आहे. गुणिले १११, म्हणजे असेन्शन सेंट हेलेनाच्या ८८७ किलोमीटर उत्तरेला आहे. रेखांशांतला फरक ८.७४ अंश. त्यालाही १११ नं गुणलं तर ९७० येतात, पण इथं जरा थांबावं लागतं. रेखांशाच्या रेषा ध्रुवांकडे जाताना एकमेकींच्या जवळ येत जातात. विषुववृत्तावर त्यांच्यातलं एका अंशाचं अंतर १११ किलोमीटर असतं, ६० अक्षांशावर ते निम्मं होतं आणि ध्रुवावर शून्य. किती आकसलं हे त्या अक्षांशाच्या कोसाइनवरून कळतं. आपली दोन बेटं मिळून सरासरी १२ अक्षांशावर आहेत; तिथं हा गुणक ०.९७८. म्हणून ९७० चे झाले ९४९ किलोमीटर, पश्चिमेकडे.

आता ८८७ उत्तरेला आणि ९४९ पश्चिमेला, असा काटकोन त्रिकोण समोर आला. दोन्हींचे वर्ग करा, बेरीज करा, वर्गमूळ काढा. उत्तर १,२९९ किलोमीटर. सागरी मैलांत सातशे आणि वर एक-दोन. शाळेतल्या पायथागोरसच्या प्रमेयानं, कुठलंही यंत्र न वापरता, महासागरातल्या दोन ठिपक्यांमधलं अंतर हाती आलं.

ही सोपी रीत चालली याचं कारण अंतर फार मोठं नाही आणि जागा विषुववृत्ताजवळची आहे. अंतर वाढलं की पृथ्वीची गोलाई आडवी येते आणि सपाट कागदावरचा त्रिकोण उपयोगाचा राहत नाही. चिलीतलं सान्तियागो आणि ऑस्ट्रेलियातलं सिडनी ही दोन शहरं जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, ३३ आणि ३४ अंश दक्षिणेच्या मध्ये. नकाशा पाहून कोणालाही वाटेल की विमान सरळ पश्चिमेला जात असणार. तसं ते गेलं तर १२,७०० किलोमीटरहून जास्त उडावं लागेल. प्रत्यक्षातला सर्वांत जवळचा मार्ग सुमारे ११,३५० किलोमीटरचा आहे, आणि तो मधल्या टप्प्यात ६१ अंश दक्षिणेच्याही खाली, अंटार्क्टिकाच्या दिशेनं झुकतो. घरात पृथ्वीचा गोल असेल तर दोन गावांवर दोरा ताणून धरा. दोरा आपोआप जी वाट पकडेल तीच सर्वांत जवळची. तिला बृहद्‌वृत्त म्हणतात. कागदी नकाशावर ती कमानीसारखी दिसते, कारण गोलाचं सपाट करताना कागद खोटं बोलतो.

अंतर झालं, आता वेळ. सेंट हेलेनाला जाणारं विमान म्हणजे दक्षिण आफ्रिकेच्या एअरलिंक कंपनीचं दोन इंजिनांचं एम्ब्रेअर १९०. उंचीवर पोचल्यावर त्याचा वेग ताशी ८३० किलोमीटरच्या आसपास असतो. १,३०० भागिले ८३० म्हणजे ९४ मिनिटं. पण विमान काही सबंध वाटभर या वेगानं जात नाही. चढताना आणि उतरताना वेग कमी असतो, धावपट्टीच्या टोकापर्यंत जमिनीवरून जावं लागतं, उतरताना धावपट्टीच्या रेषेत येण्यासाठी वळसा पडतो. या सगळ्याची पंचवीस-तीस मिनिटं धरायची. झाले दोन तास. वेळापत्रकात छापलेला वेळ हा असा, चाकांखालचे ठोकळे काढल्यापासून पुन्हा ठोकळे लावेपर्यंतचा असतो. हवेतला वेळ त्याहून कमी. दोन्ही बेटांवर घड्याळ ग्रीनिचचंच असल्यामुळे स्थानिक वेळेची वजाबाकी इथं करावी लागत नाही.

या हिशेबात अजून वारा आलेला नाही. विमानाचा वेग मोजायचा तो भोवतालच्या हवेच्या संदर्भात, आणि ती हवा स्वतः सरकत असते. समोरून ताशी ८० किलोमीटरचा वारा असेल तर जमिनीच्या हिशेबानं विमान ७५० नंच पुढे जातं आणि ९४ मिनिटांची १०४ होतात. येताना तोच वारा पाठीशी असेल तर वेळ वाचतो, पण गेलेला सगळा परत मिळत नाही. समोरचा वारा जास्त वेळ सोसावा लागतो, पाठचा वारा कमी वेळ लाभतो. त्यामुळे जाऊन-येऊन बेरीज केली तर वारा असलेल्या दिवशी एकूण वेळ नेहमी थोडा जास्तच भरतो.

याचं ठळक उदाहरण प्रशांत महासागरात आहे. सान्तियागोहून ईस्टर बेटावरचा माताव्हेरी विमानतळ ३,७५० किलोमीटर. पश्चिमेला बेटाकडे जाताना साडेपाच तासांच्या आसपास लागतात आणि परत येताना त्याहून तासभर तरी कमी. त्या अक्षांशांत उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, म्हणून हा फरक.

आपल्या दोन बेटांमध्ये वाऱ्याची गंमत वेगळी आहे. इथं समुद्रालगत वर्षभर आग्नेयेकडून वायव्येकडे व्यापारी वारे वाहतात, आणि सेंट हेलेनाहून असेन्शनची दिशाही नेमकी वायव्य. शिडाच्या जहाजांना याहून चांगली वाट कुठली! सेंट हेलेना १६५९ पासून १८३४ पर्यंत ईस्ट इंडिया कंपनीकडे होतं ते याच कारणानं. मुंबई, मद्रास, कोलकात्याहून माल भरून निघालेली जहाजं आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून इथं पाणी आणि ताजं अन्न घ्यायला थांबत आणि मग पाठच्या वाऱ्यावर उत्तरेकडे निघत. एडमंड हॅली, धूमकेतूमुळे ज्याचं नाव घरोघर माहीत आहे तो, विशीत असताना दक्षिणेकडच्या ताऱ्यांची यादी करायला याच बेटावर येऊन राहिला होता. पुढे १६८६ साली त्यानं व्यापारी वाऱ्यांचा आणि आपल्या मोसमी वाऱ्यांचा नकाशा प्रसिद्ध केला. वाऱ्यांचा असा छापील नकाशा त्याआधी कोणी केला नव्हता.

पण हॅलीचा वारा समुद्राच्या पृष्ठभागावरचा. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर तो आग्नेय वारा नसतो. तिथली हवा आपल्या वेगळ्याच चालीनं वाहते. त्यामुळे जहाजाला जे दान मिळायचं ते विमानाला मिळत नाही. मात्र तोच खालचा वारा उतरताना विमानाला गाठतो, आणि इथून पुढे खरी गोष्ट सुरू होते.

सेंट हेलेनाचा विमानतळ बेटाच्या पूर्व काठावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटर उंच कड्यावर आहे. बेटावर सपाट जागाच नव्हती. ड्राय गट नावाची एक अख्खी दरी लाखो घनमीटर दगड-माती टाकून बुजवली, तेव्हा १,९५० मीटरची धावपट्टी बसली. व्यापारी वारा हजारो किलोमीटर मोकळ्या समुद्रावरून येऊन या कड्यावर आदळतो. ओढ्यातल्या मोठ्या धोंड्यावरून पाणी उसळतं आणि पलीकडे भोवरे करतं, तशी हवा कड्यावरून उसळते आणि धावपट्टीच्या उत्तर टोकाशी तिचे भोवरे होतात. विमान जमिनीजवळ असताना वाऱ्याचा वेग आणि दिशा अशी क्षणात बदलणं म्हणजे विंडशिअर. एप्रिल २०१६ मध्ये बोइंग ७३७-८०० हे विमान चाचणीसाठी आलं तेव्हा हे प्रकर्षानं जाणवलं आणि त्या मे महिन्यात ठरलेलं विमानतळ सुरू करणं पुढे ढकलावं लागलं. नियमित प्रवासी विमान उतरलं ते १४ ऑक्टोबर २०१७ ला.

तोडगा असा निघाला की तुलनेनं लहान विमान वापरायचं आणि शक्यतो दक्षिणेकडून उतरायचं. पण तसं उतरताना वारा थोडा पाठीशी येतो. पाठच्या वाऱ्यात विमानाला थांबायला जास्त लांबी लागते आणि धावपट्टी तर आखूड. मग वजन कमी ठेवणं आलं. शंभराच्या आसपास आसनांच्या विमानात सुरुवातीला ७६ प्रवाशांचीच मर्यादा घातली होती ती यामुळे.

आता मुंबई-दिल्लीकडे परत येऊ. दिल्लीला दाट धुकं पडलं आणि उतरता आलं नाही, तर वैमानिक जयपूरला जातो. जयपूर नाही तर लखनौ, अमृतसर, अहमदाबाद. प्रवाशांची गैरसोय होते, पण काळजीचं कारण नसतं. सेंट हेलेनावर ढग उतरले तर? आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचा नामिबियाचा वॉल्व्हिस बे विमानतळ सुमारे २,२६० किलोमीटरवर. असेन्शन १,३०० वर. त्याहून जवळ काहीच नाही. असेन्शनची स्थिती अशीच: सेंट हेलेना १,३०० वर, आफ्रिकेचा लायबेरियाकडचा किनारा सुमारे १,६०० वर, ब्राझीलमधलं रेसिफे पुन्हा २,२६० च्या आसपास.

कुठल्याही उड्डाणाचं इंधन अनेक हप्त्यांत मोजतात. मुक्कामापर्यंतचं, वाटेतल्या चुकभुलीसाठी थोडं जास्त, मुक्कामी उतरता आलं नाही तर पर्यायी विमानतळापर्यंतचं, आणि सगळ्यावर अर्धा तास घिरट्या घालण्याइतकं शेवटचं राखीव. मुंबईहून दिल्लीला निघताना पर्यायी हप्ता लहान असतो. सेंट हेलेनाहून असेन्शनला निघताना हा हप्ता मूळ प्रवासाइतकाच होतो, कारण उतरता आलं नाही तर परत फिरून घरी यायचं. दोन तासांच्या प्रवासासाठी विमान चार तासांहून जास्त पुरेल एवढं इंधन घेऊन उडतं. ते इंधनही वजनच असल्यामुळे ते वाहून नेण्यातच काही इंधन जळतं. म्हणून दुर्गम विमानतळांच्या बाबतीत मी असं म्हणतो की दोन विमानतळांमधलं अंतर खरं ठरतं ते तिसऱ्या विमानतळावरून. जोहान्सबर्गहून सेंट हेलेनाला जाणारं विमान वाटेत नामिबियात इंधनासाठी थांबवण्यामागेही हाच विचार: बेटापर्यंत जायचं, उतरण्याचा प्रयत्न करायचा, जमलं नाही तर मागे फिरून खंडावर पोचायचं.

जिथं असा तिसरा विमानतळ आवाक्यात नसतोच, तिथल्यासाठी आंतरराष्ट्रीय नियमांत वेगळी सोय आहे. जेट विमानानं पर्यायी विमानतळाच्या ऐवजी मुक्कामावर दोन तास उडत राहता येईल एवढं इंधन न्यायचं, आणि वाटेत एक बिंदू ठरवायचा. त्या बिंदूवर येताच वैमानिकानं निर्णय घ्यायचा: मुक्कामावरचं हवामान ठीक आहे का, धावपट्टी मोकळी आहे का? नसेल तर तिथूनच परत. बिंदू ओलांडला की मुक्काम एकच उरतो. ईस्टर बेटावर एकच धावपट्टी आहे, म्हणून एक विमान उतरल्याशिवाय दुसऱ्याला तो बिंदू ओलांडू देत नाहीत. पहिलं विमान धावपट्टीवरच अडकून पडलं तर दुसऱ्यानं जायचं कुठं, हा त्यामागचा साधा प्रश्न.

वाटेतलं दुसरं महत्त्वाचं ठिकाण म्हणजे जिथून पुढे जायला आणि मागे यायला सारखाच वेळ लागेल तो समवेळ बिंदू. इंजिन बंद पडलं किंवा कोणी प्रवासी अत्यवस्थ झाला तर पुढे जायचं की मागे, हे त्यावरून ठरतं. वारा नसेल तर तो अंतराच्या मध्यावर असतो. वारा असेल तर तो सरकतो. समजा वॉल्व्हिस बे ते सेंट हेलेना या २,२६० किलोमीटरच्या वाटेवर विमानाचा वेग ८०० आहे आणि समोरून ६० चा वारा आहे. पुढे जाण्याचा वेग ७४०, मागे फिरण्याचा ८६०. २,२६० ला ८६० नं गुणायचं आणि दोन्ही वेगांच्या बेरजेनं, म्हणजे १,६०० नं भागायचं. उत्तर १,२१५ किलोमीटर. म्हणजे निम्मी वाट १,१३० वर संपली तरी पुढचे ८५ किलोमीटर मागे फिरणंच लवकरचं ठरतं.

दोन इंजिनांच्या विमानांना पूर्वी साधारण दंडक असा होता की एका इंजिनावर तासाभरात गाठता येईल एवढ्या टापूत विमानतळ हवाच. १९८५ पासून, इंजिनांची विश्वासार्हता सिद्ध करणाऱ्या विमानांना ही मर्यादा १२० मिनिटांपर्यंत वाढवून मिळू लागली. नामिबियाहून सेंट हेलेनाला जाताना मध्यावर दोन्ही बाजूंना ११०० किलोमीटरहून जास्त समुद्र असतो. एका इंजिनावर ताशी सातशेच्या वेगानं हे अंतर दीड तासाहून जास्त वेळाचं. या वाढीव परवानगीशिवाय ही सेवा शक्यच नव्हती. सेंट हेलेना-असेन्शन टप्प्यात मात्र मध्यावरून दोन्हीकडे ६५० किलोमीटरच राहतात, म्हणजे तासाभराच्या आतच काम होतं. आफ्रिकेची वाट जास्त वाहती असली तरी या हिशेबात ही एकाकी वाटच सोपी.

असेन्शनची धावपट्टी सेंट हेलेनाच्या उलट, तीन किलोमीटरहून थोडी लांब. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, अमेरिकी सैन्यानं मूळ धावपट्टी काही महिन्यांत बांधली. ब्राझीलहून आफ्रिकेकडे जाणाऱ्या विमानांना मधे टेकायला जागा हवी होती. जवळच समुद्री पाखरांची मोठी वसाहत आहे; त्या पाखरांच्या स्थानिक नावावरून विमानतळाला वाइडअवेक म्हणतात. १९८२ च्या फॉकलंड युद्धात इथून ६,३०० किलोमीटरवरच्या, फॉकलंड बेटांवरच्या स्टॅन्लीवर बॉम्बफेक करायला ब्रिटिशांची व्हल्कन विमानं गेली. पहिल्या खेपेत एक व्हल्कन तिथपर्यंत जाऊन परत यावं म्हणून हवेत इंधन पाजणारी ११ व्हिक्टर विमानं उडवावी लागली. जमिनीवर तिसरा विमानतळ नव्हता, तो आकाशात उभा केला. जूनमधल्या एका खेपेत व्हल्कनची इंधन घेण्याची नळीच मोडली, तेव्हा वैमानिकानं थेट ब्राझीलमधलं रिओ दि जानेरो गाठलं. युद्धात नसलेल्या देशात, पण जमिनीवर.

ही धावपट्टीही कायमची भरवशाची राहिली नाही. २०१७ साली तिचा पृष्ठभाग इतका खराब झाला की ब्रिटन ते फॉकलंड जाणारी मोठी एअरबस विमानं तिथं उतरेनाशी झाली आणि त्यांना आफ्रिकेच्या पश्चिमेकडच्या केप व्हर्देमार्गे जावं लागलं. बेट तिथंच होतं, अक्षांश-रेखांश तेच होते, तरी वाट बदलली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपासून एम्ब्रेअरसारखं लहान विमान मात्र महिन्यातून एकदा सेंट हेलेनाहून असेन्शनला जाऊ लागलं. त्याआधी दोन्ही बेटांना जोडणारं ‘आरएमएस सेंट हेलेना’ हे जहाज होतं. ताशी १५ सागरी मैलांच्या वेगानं सातशे मैल म्हणजे दोन दिवस. फेब्रुवारी २०१८ मध्ये त्याची शेवटची सफर झाली.

दोन दिवसांचे दोन तास झाले, पण त्या दोन तासांचं विमान महिन्यातून एकदाच, आणि जोहान्सबर्गहून बेटावर येणारं मुख्य विमानही साधारण आठवड्यातून एकदाच. ढगांमुळे ते एक-दोन दिवस पुढेही जाऊ शकतं. वाचकांपैकी कोणी नेपोलियनचं घर पाहायला सेंट हेलेनाला जाणार असाल, तर परतीच्या वाटेवर जोहान्सबर्गहून मुंबईचं तिकीट त्याच रात्रीचं काढू नका. मध्ये किमान दोन दिवस मोकळे ठेवा.